आप्पांच्या बोटावरची शाई

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत शाळा सुटली (मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर घरात अजून दोन मतं आहेत), त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकेल तिथे तुम्हीच मनातल्या मनात नीट करून घ्या. शब्दही साधेच आहेत. मोठे शब्द मला वाचता येतात, पण वापरायला गेलो की दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं. तरी लिहितोय, कारण बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं पडतं. कागद मध्येच "मग?" असं विचारत नाही.

आमच्या वॉर्डाची निवडणूक होती. शाळेत मतदान केंद्र, म्हणून पोरांना सुट्टी. आणि सुट्टीचा आनंद पोरांना निखळ मिळू नये अशी शाळेची पद्धतच असते, म्हणून बाईंनी काम दिलं होतं: घरच्यांबरोबर जाऊन मतदान कसं होतं ते बघा आणि वर्गात येऊन सांगा. आमच्या दादाची मुलगी तिसरीत आहे. तिला घरात सगळे वकील म्हणतात, कारण ती झोपायला सांगितलं तरी "कोणत्या नियमाने?" असं विचारते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून आलो, पाय धुतले, आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"काका, मतदान म्हणजे काय?"

आता तुम्हाला वाटेल, यात काय एवढं. पण या घरात मला आजवर "म्हणजे काय" असं कुणी विचारलेलं नाही. मला विचारतात ते "कुठे ठेवलंस?" किंवा "कधी आणणार?" एवढंच. त्यामुळे मी जरा फुगलोच.

वहिनी आतून कणीक मळता मळता म्हणाल्या, "भाऊजी, तोंडी सांगा आणि मोकळे व्हा."

तेवढं ऐकलं असतं तर आज ही पानं लिहायची वेळ आली नसती. पण मला तोंडी काही सांगता येत नाही. मला हातानं करून दाखवता येतं. म्हणून मी म्हटलं, "आपण घरातच निवडणूक घेऊ. खरीखुरी."

माझं काम चामड्याचं. पट्टे, पाकिटं, पिशव्या होतात त्या कारखान्यात मी कडा रंगवतो. चामडं कापलं की त्याची कड फिकट आणि केसाळ दिसते. ती घासायची, बारीक ब्रशने तिला रंग लावायचा, वाळू द्यायचा, परत लावायचा. आमचा रंग काळा, उजेडात धरला तर जांभळट. मालक गिऱ्हाइकाला सांगतात, "पट्टा तुटेल, पण रंग जाणार नाही." हे ते विकण्यासाठी सांगत असले तरी खरं आहे. माझी दहाही बोटं त्याला साक्षी आहेत. आई म्हणते, तुला जेवायला वाढताना गॅरेजवाल्याला वाढल्यासारखं वाटतं. मला मात्र त्या बोटांची इतकी सवय झालीय की ती काळी आहेत हे मला दिसतच नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या मूर्खपणाला याशिवाय दुसरं काही कारण नाही.

निवडणुकीला वाद लागतो. आमच्याकडे तो तयारच होता. जेवणानंतर टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात, यावर आप्पा आणि आई यांच्यात मी लहान होतो तेव्हापासून भांडण चालू आहे. आप्पांना बातम्या पाहिजेत, आईला मालिका. दोन उमेदवार ठरले. आप्पांची निशाणी चष्मा, आईची उशी.

"मी नाही असल्या खेळात," आई म्हणाली. ती पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. मग लगेच म्हणाली, "आणि उशी कशाला? मी काय झोपा काढते दिवसभर?"

"आजी, उमेदवारानं निशाणीवर वाद घालायचा नसतो," वकील म्हणाली.

बुटांच्या खोक्याला मी चामडं कापायच्या सुरीने फट पाडली. इस्त्रीचं टेबल आडवं करून त्यावर चादर टाकली, आडोसा झाला. वकीलबाई अधिकारी. तिचा धाकटा भाऊ टिल्लू पोलीस. मतदार चौघं: आप्पा, आई, वहिनी आणि मी. (दादा ट्रकवर असतो. तो त्या दिवशी कुठल्या तरी रस्त्यावर होता. त्यालाही नंतर सगळं कळलं, ते कसं ते सांगत नाही.)

टिल्लूला मत द्यायचं होतं. त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं.

"अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही," मी म्हटलं. मी एवढा कडक कधीच नसतो, पण शिकवायला बसलो की माणूस बिघडतो.

"मग मला नुसती शाई लाव!"

"शाई फक्त मत दिलेल्याला. नियम म्हणजे नियम."

"लावा की हो पोराला एक ठिपका," वहिनी आतून म्हणाल्या.

मी लावला नाही. त्या एका ठिपक्याची किंमत मला दुसऱ्या दिवशी कळली.

शाईचं वकीलबाईंनीच काढलं. "काका, शाई कुठाय?" घरात स्केचपेन होतं, पण स्केचपेननं लोकशाही कशी शिकवणार? माझ्या पिशवीत कामाची बाटली होती. ब्रशही होता. मी ती काढली, झाकण उघडलं, आणि अगदी ऐटीत टेबलावर ठेवली.

पहिलं मत आईचं. तिच्या हाताला तेल, त्यामुळे रंग बोटावर धरेना, नुसता पसरला. तिनं तो पदराला पुसला (आणि पदराबद्दल मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही). वहिनींचे दोन्ही हात कणकेत होते. त्या आल्या, कोपरानं चिठ्ठी खोक्यात ढकलली, आणि म्हणाल्या, "पायाच्या बोटाला लावा, मला वेळ नाही." मी पायाच्या अंगठ्याला लावला. मग आप्पा आले.

आता आप्पांबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही नुसतेच हसाल.

आप्पांनी सगळं आयुष्य एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर काढलं. पास दाखवल्याशिवाय त्यांनी मालकाच्या जावयालाही आत सोडलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना बढती मिळाली नाही, पण आप्पा ती गोष्ट बढती मिळाल्यासारखी सांगतात. आणि मतदान त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. अंगात ताप असताना गेलेत. दादाच्या लग्नाच्या गडबडीत, घरात पाहुणे खोळंबलेले असताना गेलेत. आणि नुसते जात नाहीत, रांगेत पहिले उभे राहतात. केंद्राचं दार उघडायच्या आधी आप्पा दारात. बाहेर आल्यावर कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगत नाहीत, आईलासुद्धा नाही. आईला याचा भारी राग आहे. "एवढा संसार केला माझ्याबरोबर," ती म्हणते, "पण एक मत सांगतील तर शपथ." आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांचं गेट गेलं, युनिफॉर्म गेला, शिट्टी गेली. हे एक राहिलं होतं.

तर आप्पा आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. मी ब्रशने हलकेच रेघ ओढली.

"हे काय?" आप्पा म्हणाले. "असं पुसट? पोरांना चुकीचं शिकवू नकोस. नखावर आली पाहिजे, आणि वर कातडीवरही. दोन्हीकडे. ठसठशीत."

मी ठसठशीत लावली. कडेला लावतो तशी. एक हात, वाळू दिला, दुसरा हात.

"हां," आप्पा म्हणाले. "याला म्हणतात काम."

(त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ.)

मग त्यांना परीक्षा घ्यायची लहर आली. आडोशाच्या पलीकडून वळसा घालून ते परत रांगेत येऊन उभे राहिले. वकील खोक्यामागून न हलता म्हणाली, "बोट दाखवा."

आप्पांनी दाखवलं.

"तुमचं झालंय. परत जा."

"अगं, मी तुझा आजोबा."

"असाल. बोटाला शाई आहे. पोलीस, यांना बाहेर काढा."

टिल्लूनं त्यांच्या पायजम्याला धरून ओढत त्यांना मोरीपर्यंत नेलं. आप्पा इतके खूश झाले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास!" ते म्हणाले. "गेटवर बसव हिला, गेटवर!"

निकाल लागला. उशीला तीन, चष्म्याला एक. आईनं लगेच रिमोट उचलला. आप्पांनी खोकं उचलून आत बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उशीचं ते तिसरं कोणाचं?"

"आप्पा, गुप्त असतं."

"हो हो. बरोबर आहे." (मी उशीला दिलं होतं. ती मालिका मीही बघतो.)

दुसऱ्या दिवशी आप्पा अंधारातच उठले. आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आरशात दाढी करताना त्यांना ते बोट दिसलं. "दम आहे रे तुझ्या रंगात," ते कौतुकानं म्हणाले. साबण लावूनही तो तसूभर हलला नव्हता. मीही बघितलं आणि मलाही बरंच वाटलं. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझं एक वेळ समजू शकतो.

आम्ही तिघं निघालो, आप्पा, मी आणि वकील. माझं हे पहिलंच मतदान. वाटेत वकील आजोबांचं बोट धरून चालली होती. ती म्हणाली, "आजोबा, पण तुमचं तर झालंय."

आम्ही दोघं हसलो. अगदी मनापासून हसलो. ते हसणं आठवलं की मला अजून अंथरुणात कूस बदलावी लागते.

दार उघडलं तेव्हा आप्पा पहिले. आमच्या मागे मागच्या वस्तीतली चार-दोन माणसं, आमच्या गल्लीतलं कुणीच नाही. वर्गाची खोली. छोटी छोटी बाकं भिंतीला लावून ठेवलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचे पाढे. टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, शेजारी थर्मास. त्यांच्या बाजूला शाई लावणारा माणूस. आप्पांनी ओळखपत्र दिलं. बाईंनी नाव शोधलं, खूण केली, आणि आप्पांनी, दरवेळी करतात तशीच, रुबाबात तर्जनी पुढे केली.

शाईवाल्यानं ब्रश बुडवला होता. तो तसाच हवेत थांबला.

"बाई," तो म्हणाला, "यांना लागलीय."

"काय लागलीय?"

"शाई."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आजोबा, अहो आत्ता तर दार उघडलंय. कुठे मत देऊन आलात?"

"घरी," आप्पा म्हणाले.

खरं बोलणाऱ्या माणसाचा हा तोटा. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी पुढे झालो. मला सगळं समजावून सांगायचं होतं: पोरीचा अभ्यास, रिमोट, कडांचा रंग. पण बाई, शाईवाला, दारातला पोलीस असे तिघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून एवढंच आलं, "मी लावली."

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"तुम्ही शाई लावता?"

"हो. रोज."

मग पोलीस आत आला.

तेव्हा मी हात पुढे केले. बाईंनी माझी दहा बोटं बघितली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "बाई गं! दहा मतं?"

"कामाचा रंग आहे," मी म्हटलं. "चामड्याचा. कडांना लावायचा." पोलिसानं कमरेचा पट्टा बघितला, माझी बोटं बघितली, आणि म्हणाला, "बाई, हा खरं बोलतोय. माझ्याही पट्ट्याचा रंग शर्टाला लागतो, तो जन्मात जात नाही." (तो आमचा पट्टा नव्हता. आमचा रंग शर्टाला लागत नाही. पण ही वेळ ते सांगायची नव्हती.)

बाईंना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्या वकीलबाईंकडे वळल्या. "बाळ, तुमच्या घरी निवडणूक खेळलात का?"

"खेळलो नाही. घेतली."

"बरं, घेतली. आजोबांनी कोणाला मत दिलं?"

"ते गुप्त असतं."

"शाई कुणी लावली?"

"केंद्रातलं केंद्राबाहेर बोलायचं नाही. काकानं सांगितलंय."

मी डोळ्यांनी खुणावत होतो, सांग बाई, सांग सगळं. पण खुणा करणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं.

"तू कोण होतीस मग?"

"अधिकारी. तुमच्यासारखी."

बाई हसल्या. "बरं झालं, अधिकारीबाई. मग मला सांगा, तुमच्यासमोर एखादा माणूस आला आणि त्याच्या बोटाला आधीच शाई असली, तर तुम्ही काय केलं असतं?"

वकील आजोबांकडे बघून म्हणाली, "परत पाठवलं असतं."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास," ते म्हणाले. पण आदल्या दिवशीसारखं मोठ्यानं नाही.

बाईंनी फोन लावला. मोठे साहेब येईपर्यंत थांबा म्हणाल्या. आम्ही शाळेच्या नळावर गेलो. मी ते बोट घासलं. आधी साबणानं, मग मातीनं, मग कोपऱ्यात सापडलेल्या विटेच्या तुकड्यानं. आप्पा उभे होते, हात माझ्या हातात दिलेला, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. लहान मुलाचे हात धुवावेत तसा मी त्यांचा हात धूत होतो. बोट लाल झालं. रंग तसाच.

"राहू दे," आप्पा म्हणाले. "चांगला लावलायस."

मला तेव्हा वाटलं, त्यांनी मला दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठे साहेब आले. त्यांनी आप्पांचं बोट खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलं, अंगठ्यानं चोळलं, नखानं खरवडलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कुठे मिळते हो? आमची संध्याकाळपर्यंत पुसट होते." पुढे म्हणाले, "एखाद्या लहान मुलाच्या बोटाला लागली असती ना, तरी मी मानलं असतं. पोरं मत देऊ शकत नाहीत, म्हणजे खेळच असणार. आहे का घरात कुणी तसं?"

मला टिल्लू आठवला. आडोशासमोर पाय आपटणारा टिल्लू आणि "नियम म्हणजे नियम" म्हणणारा मी.

"नाही," मी म्हटलं. "लावली नाही त्याला."

"मग माझाही इलाज नाही. यांची खूण नेमकी आहे, आम्ही लावतो तिथेच, तशीच. आम्हालाही इतकी सरळ जमत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर मी काय दाखवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही द्या मत. तुमचा हात कामाचा हात आहे, कुणालाही कळतं."

म्हणजे बघा. ज्यानं घोळ घातला त्याला आत, आणि ज्यानं कधी नियम मोडला नाही तो बाहेर.

"मी नाही देत," मी म्हटलं.

"देतोस कसा नाही?" आप्पा म्हणाले. गेटवरचा आवाज होता तो. खूप दिवसांनी ऐकला. "पहिलं मत आहे तुझं. जा."

मी त्यांच्या कानाशी गेलो. "आप्पा, तुम्हाला कोणाला द्यायचं होतं? मी त्यालाच देतो. म्हणजे तुमचं फुकट जाणार नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षण वाटलं, सांगतात. मग म्हणाले, "गुप्त असतं."

आडोशामागे मी मतदान यंत्रासमोर बोट धरून किती वेळ उभा होतो देव जाणे. यंत्रावर नावं, समोर निशाण्या, आणि माझ्या डोक्यात एकच, आप्पा यातलं कुठलं बटण दाबतात? शेवटी ज्यांच्याशी आप्पा एकदा रस्त्यात थांबून बोलले होते, त्यांच्या नावासमोरचं दाबलं. मागाहून आठवलं, आप्पा त्यांच्याशी भांडायला थांबले होते. बाहेर आलो तर आप्पा तिसरीच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसले होते आणि फळ्यावरचे पाढे वाचत होते.

दुपारी आई आणि वहिनी जाऊन सहज मत देऊन आल्या. आईच्या बोटावर काही उरलंच नव्हतं. वहिनी सबंध रांगेत एका पायानं दुसऱ्या पायाचा अंगठा झाकून उभ्या होत्या म्हणे. "बगळ्यासारखी," त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि मग आप्पांकडे बघून आत गेल्या.

सकाळी केंद्रावरून परत येताना आप्पांनी गल्लीच्या तोंडाशी डावा हात खिशात घातला होता. वाटेत शिंपीमामांनी ओट्यावरून हाक मारली, "आप्पा, झालं का?" आप्पा "हं" म्हणाले आणि भरभर पुढे गेले. पुढे दोन बायका आमच्याकडे बघून काहीतरी बोलल्या आणि हसल्या. पसरलीच बातमी, मी मनात म्हटलं. गेटवरच्या माणसाला गेटवरून परत पाठवलं. आप्पा दुसऱ्यांदा मत द्यायला गेले आणि पकडले गेले. आयुष्यभर ज्यांनी एकालाही फसवून आत शिरू दिलं नाही, त्यांना आता गल्ली बोगस मतदार म्हणणार.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आईनं रिमोट उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि आप्पांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी बातम्या लावल्या. बातम्यांत मतदानाच्या रांगा दाखवत होते. आप्पांनी टीव्ही बंद केला आणि झोपायला गेले.

मी अंथरुणावर पडून ठरवलं. आप्पांचं मत मला परत आणता येत नाही. पण आप्पांचं नाव मी जाऊ देणार नाही.

आता हे तुम्हाला सोपं वाटेल. पण माझा स्वभाव असा की दुकानात सुट्टे पैसे कमी आले तरी मी परत मागत नाही, वाटेनं घरी येताना मनात मागतो. तरी सकाळी उठलो, तोंड धुतलं, आणि आमच्या गल्लीतल्या पहिल्या घराची कडी वाजवली.

पहिल्या दारात जीभ अडखळली. दुसऱ्या दारात बरं जमलं. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत मी अगदी वक्ता झालो होतो. "तुमच्या कानावर काल काही आलं असेल," मी सुरुवात करायचो, "पण तसं नाहीये. आप्पा दोनदा मत द्यायला गेले नव्हते. त्यांना केंद्रावरून परत पाठवलं हे खरं, पोलीसही आत आला हे खरं, मोठ्या साहेबांना बोलवावं लागलं हेही खरं. पण चूक माझी आहे." मग रंगाचं सांगायचो, बोटं दाखवायचो.

लोक मन लावून ऐकत होते. "असं होय!" म्हणत होते. एका घरी तर आतल्या माणसांना बाहेर बोलावून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. एक आजी म्हणाल्या, "पोलीससुद्धा आला? अगंबाई!" मला वाटलं, बिचाऱ्यांना आपण आप्पांवर संशय घेतला याची लाज वाटतेय. मी त्यांना म्हटलं, असू द्या, होतं असं.

शेवटी शिंपीमामा. ते सुईत दोरा ओवत ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरा ओवून घेतला, गाठ मारली, आणि म्हणाले, "मला काय माहीत हे सगळं? मी तर काल आप्पांचं बोट बघितलं. हात खिशात घालायच्या आधी. एवढी झकास शाई. म्हटलं, आले देऊन मत, नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. सगळ्या गल्लीला तसंच वाटलं असणार."

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसलो.

समोरून आप्पा येत होते. सकाळचं फिरून परतत होते. काल कुणी काही बोललं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चाल मोकळी होती आणि डावा हात खिशाबाहेर होता. मग पहिल्या घरातून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, काल पोलीस आला होता म्हणे!" दुसऱ्या घरातून, "वाईट झालं हो आप्पा!" आजी तर खाली उतरून बोट बघायला आल्या.

आप्पा माझ्यासमोर येऊन थांबले.

"काय करतोयस इथे?"

"गल्लीत सांगत होतो. की तुम्ही दोनदा मत द्यायला गेला नव्हता."

"असं कोण म्हणत होतं?"

मी पायांकडे बघितलं. "कुणीच नाही."

आप्पांनी हात परत खिशात घातला. मग त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"हो."

"एकही घर नाही सोडलं?"

खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. "इस्त्रीवाला राहिलाय," मी म्हटलं. "त्याचं दुकान अजून उघडायचंय."

"मग थांब तेवढं," आप्पा म्हणाले, "आणि सांगूनच ये. त्या एकट्यालाच का वगळायचं?"

मी थांबलो.